पाणी उकळताना नक्की काय तुटतं? अकरावीच्या एका तुकडीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातलं कनिष्ठ महाविद्यालय, अकरावी विज्ञानाची एक तुकडी. बरीचशी मुलं आसपासच्या खेड्यांतून एसटीने येणारी, दहावीपर्यंत मराठी किंवा सेमी-इंग्रजीत शिकलेली. पुस्तक आणि पेपर इंग्रजीत, शिकवणं मराठीत, हा आपल्याकडचा नेहमीचाच रिवाज. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम अनुभवी होत्या. त्याच तुकडीची प्रात्यक्षिकं माझ्याकडे असल्यामुळे पुढचं सगळं जवळून पाहता आलं. मॅडमच्या संमतीने हे लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

रासायनिक बंधांचं प्रकरण नीट शिकवून झालं होतं. लुईस आकृत्या, अष्टक, सहसंयुज (इलेक्ट्रॉन वाटून घेऊन होणारे) आणि आयनिक (विरुद्ध प्रभारांच्या ओढीने होणारे) बंध, विद्युतऋणता (इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची अणूची ताकद). रेणूंच्या आकारासाठी मॅडमनी फुगे आणले होते. चार फुगे देठाशी एकत्र बांधले की कुणी न सांगता ते चतुष्फलकाच्या (चार त्रिकोणी बाजूंच्या आकाराच्या) टोकांकडे वळतात, आणि इलेक्ट्रॉनजोड्या एकमेकींपासून शक्य तेवढ्या लांब राहतात हे गिलेस्पी आणि नायहोम यांनी १९५७ साली मांडलेलं तत्त्व मुलांना डोळ्यांनी दिसतं. मिथेन १०९.५ अंश, अमोनिया १०७, पाणी १०४.५. एकाकी जोड्या (बंधात न गुंतलेल्या इलेक्ट्रॉनजोड्या) बंधजोड्यांना जास्त रेटतात म्हणून कोन आवळत जातो, हेही मुलं घडाघडा सांगायची.

आंतररेण्वीय बलं, म्हणजे एका रेणूची दुसऱ्या रेणूवरची ओढ, मात्र बऱ्याच आठवड्यांनी, द्रव्याच्या अवस्थांच्या प्रकरणात आली. मध्ये दुसरी प्रकरणं होऊन गेली होती. बंध एका वहीत आणि बलं दुसऱ्या वहीत, अशी स्थिती.

अडचण कशी उघड झाली

घटक चाचणीत मॅडमनी एक साधा प्रश्न घातला: द्रव पाण्यातले तीन रेणू काढा, शेजारी तेच तीन रेणू वाफेत कसे दिसतील ते काढा.

पेपर तपासताना त्यांनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. एका मुलीची उत्तरपत्रिका समोर होती. वर्गातल्या पहिल्या पाचांतली मुलगी. डावीकडे तीन वाकडे रेणू, प्रत्येक ऑक्सिजनवर दोन एकाकी जोड्या, कोन १०४.५ लिहिलेला, रेणूंमध्ये हायड्रोजन बंधांच्या (एका रेणूतला हायड्रोजन आणि शेजारच्या रेणूतला ऑक्सिजन यांच्यातल्या ओढीच्या) तुटक रेषासुद्धा. मग एक बाण, वर १०० अंश सेल्सिअस. उजवीकडे हायड्रोजनचे तीन रेणू, दुहेरी बंधाचा ऑक्सिजनचा एक रेणू, आणि एक ऑक्सिजन अणू एकटा उरलेला. त्याच्यापुढे तिने पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं होतं. म्हणजे तिने अणू मोजले होते, समीकरण जुळवून पाहिलं होतं, आणि हिशेब पुरा होत नाही हेही तिच्या लक्षात आलं होतं. तिच्या लेखी पाणी उकळणं म्हणजे पाण्याचं विघटन होतं.

अशा आकृत्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांच्या निघाल्या. कुणी सुटे अणू काढले होते, कुणी पाण्याचा एकच हायड्रोजन तोडला होता. आणि त्याच चाचणीत ‘पाण्याचा उत्कलनांक जास्त का?’ या प्रश्नाला याच मुलांनी ‘हायड्रोजन बंधांमुळे’ असं लिहून पूर्ण गुण मिळवले होते. दोन्ही उत्तरं एकाच उत्तरपत्रिकेत शेजारी शेजारी होती. आकृतीचा प्रश्न नसता तर काही बिघडलंय हे कुणाला कळलंच नसतं. या प्रकरणातली सगळ्यात काळजीची गोष्ट मला ही वाटते.

हा काही ग्रामीण मुलांचा दोष नव्हे. न्यूझीलंडमध्ये ऑस्बोर्न आणि कॉसग्रोव्ह यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही उकळत्या पाण्याच्या बुडबुड्यांत हवा किंवा हायड्रोजन आणि ऑक्सिजन असतात असं सांगणारे विद्यार्थी मोठ्या प्रमाणात भेटले होते. मुलांच्या बाजूने पाहिलं तर यात तर्क आहे. ‘उष्णता दिली की बंध तुटतात’ हे वाक्य त्यांनी दहा वेळा ऐकलेलं असतं. कोणते बंध, किती उष्णतेने, हे दोन्ही प्रकारचे बंध शेजारी ठेवून त्यांना कुणी दाखवलेलं नसतं.

समोरचे पर्याय

विभागप्रमुख सरांचं मत स्पष्ट होतं. “मॅडम, सीईटीत आकृती काढायला सांगत नाहीत. योग्य आकृती फळ्यावर काढून द्या आणि पुढे चला, पोर्शन मागे पडतोय.” हे बोलणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. प्रवेशफेऱ्या लांबल्यामुळे वर्ग उशिरा सुरू झाले होते आणि सत्र संपत आलं होतं.

दुसरा पर्याय स्मार्ट बोर्डवर ॲनिमेशन दाखवण्याचा होता. आम्ही दोघांनी दोन-तीन ॲनिमेशनं पाहिली. बहुतेकांत पाण्याचा रेणू म्हणजे एक निळा गोळा, आणि गोळे एकमेकांपासून सुटून वर जातात. गोळ्याच्या आत काय आहे आणि ते का टिकतं, हा मुलांचा नेमका घोळ तिथे झाकलाच जात होता.

तिसरा पर्याय मी सुचवला होता: घासलेला कंगवा नळाच्या बारीक धारेजवळ न्यायचा, धार वाकते, मुलांना मजा वाटते, पाणी ध्रुवीय (रेणूचं एक टोक किंचित धन, दुसरं किंचित ऋण) असल्याचं ‘सिद्ध’ होतं. मॅडमनी हा प्रयोग मुख्य पुरावा म्हणून नको असं म्हटलं, आणि त्यांचं कारण मला पटलं. एकसमान विद्युतक्षेत्रात द्विध्रुवावरचं, म्हणजे अशा दोन टोकांच्या रेणूवरचं, एकूण बल शून्य असतं. एका टोकाला जेवढी ओढ तेवढाच दुसऱ्या टोकाला रेटा. धार वाकण्यात पाण्यातल्या आयनांमुळे धारेवर येणाऱ्या प्रेरित प्रभाराचा मोठा वाटा असतो. शिवाय पाणी उकळताना काय तुटतं, या प्रश्नाला हा प्रयोग हातच लावत नाही.

चौथा पर्याय वेळखाऊ होता. मुलांच्याच आकृत्या वर्गासमोर ठेवायच्या, त्यांतली कोणती शक्य आहे ते त्यांनाच तपासायला लावायचं, आणि मग आकार व बलं यांचा संबंध आकड्यांतून आणि प्रात्यक्षिकातून बांधायचा. यासाठी माझी एक प्रात्यक्षिकाची पाळी आणि मॅडमचे काही तास लागणार होते. अनुमापनाचा सराव एक आठवडा पुढे ढकलायला मी तयार झालो आणि हा पर्याय ठरला.

पहिला निर्णय: बरोबर उत्तर लगेच सांगायचं नाही

मॅडमनी नावं न सांगता तीन प्रकारच्या आकृत्या फळ्यावर उतरवल्या: रेणू अखंड आणि लांब लांब, हायड्रोजन आणि ऑक्सिजन वायू, सुटे अणू. विचारलं, यांतली वाफ कोणती?

बराच वेळ कुणी बोलेना. मग खिडकीजवळचा एक मुलगा म्हणाला, “मॅडम, दुसरी खरी असती तर चहा करताना गॅसवर भडका उडाला असता.” हायड्रोजनची नळी ज्योतीजवळ नेल्यावर होणारा ‘पॉप’ आवाज त्याच्या लक्षात होता. दुसरी म्हणाली, “झाकणाच्या आतून पाणीच लागलेलं असतं.” इथे मॅडमना विषय संपवता आला असता. पण प्रश्नचिन्ह काढणाऱ्या मुलीने हात वर केला: “झाकण थंड असतं ना, तिथे ते परत जोडले गेले असतील.”

हा आक्षेप चांगला होता. झाकणावरच्या थेंबांनी फक्त सुरुवात आणि शेवट कळतो, मधल्या वाफेत काय होतं ते कळत नाही. मॅडम तिथे थांबल्या आणि ‘नाही, तसं नसतं’ असं म्हणण्याऐवजी त्यांनी ऊर्जेचा हिशेब काढला. माझ्या मते संपूर्ण प्रकरण या क्षणावर फिरलं. शिक्षकाच्या शब्दावर विश्वास ठेवून ती मुलगी गप्प बसली असती, पण तिच्या वहीतला एकटा ऑक्सिजन तसाच राहिला असता.

हिशेब असा. एक मोल (रेणूंची एक ठरावीक संख्या) पाणी म्हणजे १८ ग्रॅम. ते १०० अंशांना पूर्ण वाफ करायला सुमारे ४१ किलोज्यूल लागतात. ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तोडायला मोलमागे सरासरी ४६३ किलोज्यूल, आणि एका रेणूत असे दोन बंध. म्हणजे सगळे रेणू अणूंपर्यंत फोडायचे तर ९२६. अणू पुन्हा जोडले जाऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन वायू झाले असं धरलं, तरी निव्वळ २४२ किलोज्यूल लागतातच.

मग मॅडमनी विचारलं, १५०० वॅटची इलेक्ट्रिक किटली असेल तर? ४१ किलोज्यूल द्यायला तिला सत्तावीस सेकंद पुरतात. २४२ द्यायला अडीच मिनिटांहून अधिक, आणि ९२६ द्यायला दहा मिनिटांच्या वर. १८ ग्रॅम म्हणजे जेमतेम चार चमचे पाणी. उकळी आल्यावर चार चमचे पाणी आटायला किती वेळ लागतो हे घरी स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला ठाऊक होतं. मुलं आपापसांत आकडे पुन्हा तपासू लागली.

त्यानंतर मॅडमनी ४१ या आकड्याचा अर्थ लावला. द्रव पाण्यात एक रेणू जास्तीत जास्त चार हायड्रोजन बंधांत असतो. प्रत्येक बंध दोघांत वाटलेला, म्हणून रेणूमागे साधारण दोन. एका हायड्रोजन बंधाला ढोबळमानाने २० किलोज्यूल. दोनदा वीस चाळीस. तुटक रेषा आणि अखंड रेषा यांच्यात वीसपटीहून अधिक फरक आहे, हे त्या तासाला मुलांच्या वहीत प्रथमच आकड्यांत लिहिलं गेलं.

दुसरा निर्णय: आकार मध्ये आणायचा

पाण्याचे रेणू अखंड राहतात एवढं पटलं. पण मग काही रेणू एकमेकांना घट्ट का धरतात आणि काही का नाहीत? मॅडमनी मुद्दाम जवळपास सारख्या वस्तुमानाचे चार रेणू निवडले. मिथेन १६, उत्कलनांक उणे १६१. अमोनिया १७, उणे ३३. पाणी १८, अधिक १००. हायड्रोजन फ्लोराइड २०, अधिक १९.५. चिकणमाती आणि काडेपेटीच्या काड्या घेऊन मुलांनी चारही रेणू केले, एकाकी जोड्यांसाठी दुसऱ्या रंगाच्या गोळ्या लावल्या.

हायड्रोजन फ्लोराइडवर वर्ग अडला. फ्लोरिनची विद्युतऋणता सर्वांत जास्त, एकेक हायड्रोजन बंधही पाण्याहून बळकट, मग पाणी पुढे कसं? उत्तर मातीच्या प्रतिकृतीत होतं. फ्लोराइडला तीन एकाकी जोड्या, पण द्यायला हायड्रोजन एकच. अमोनियाला हायड्रोजन तीन, पण एकाकी जोडी एकच. पाण्याला दोन आणि दोन, तेही चतुष्फलकाच्या चार दिशांना पसरलेले. मुलांनी पाण्याच्या प्रतिकृती एकमेकांना जोडत नेल्या तेव्हा बाकावर जाळं उभं राहिलं; फ्लोराइडची नुसती नागमोडी साखळी झाली. वाफेतही हायड्रोजन फ्लोराइडचे रेणू काही अंशी गटागटाने राहतात, त्यामुळे उकळताना सगळे बंध तोडावे लागतच नाहीत, हेही मॅडमनी सांगितलं. पुस्तकात हे नव्हतं, पण प्रश्न विचारला गेला होता.

कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची तुलना त्यांनी दहा मिनिटांत उरकली. सरळ रेणूत दोन द्विध्रुव एकमेकांना रद्द करतात, वाकड्यात करत नाहीत. हे मुलांना आधीच येत होतं.

प्रात्यक्षिक

बर्नर बंद, खिडक्या उघड्या. प्रत्येक गटाला तीन वॉच ग्लास आणि ड्रॉपर; ॲसिटोन, रेक्टिफाइड स्पिरिट (इथेनॉल) आणि पाणी. सारख्या थेंबांना उडून जायला किती वेळ लागतो ते पाहायचं, पण आधी अंदाज लिहायचा. रेणुभार फळ्यावर लिहिले होते: ५८, ४६, १८.

‘जड रेणू उशिरा उडतो’ असा अंदाज बऱ्याच गटांनी लिहिला. घडलं बरोबर उलट. ॲसिटोन बघता बघता गेलं, मागोमाग स्पिरिट, आणि सगळ्यांत हलक्या रेणूंचा थेंब तासिका संपली तरी काचेवर होता. अंदाज चुकल्यामुळे चर्चा जोरात झाली. ॲसिटोनमध्ये ऑक्सिजन आहे, पण ऑक्सिजनला जोडलेला हायड्रोजन नाही, हे मुलांनी रचनासूत्र पाहून स्वतः शोधलं.

नवीन अडचण

पुढच्या आठवड्यात मॅडमनी एक छोटी चाचणी घेतली. वाफेच्या आकृत्या आता जवळजवळ सगळ्यांच्या बरोबर होत्या. दुसरा प्रश्न होता: क्लोरोफॉर्म आणि कार्बन टेट्राक्लोराइड, कुणाचा उत्कलनांक जास्त?

बहुतेकांनी क्लोरोफॉर्म लिहिलं. कारणही सुबक: क्लोरोफॉर्म ध्रुवीय आहे, टेट्राक्लोराइड सममित चतुष्फलक असल्यामुळे अध्रुवीय. आकार बरोबर, ध्रुवीयता बरोबर, निष्कर्ष चूक. क्लोरोफॉर्म ६१ अंशांना उकळतो, कार्बन टेट्राक्लोराइड ७७ अंशांना. त्याच्यात ७४ इलेक्ट्रॉन आहेत, क्लोरोफॉर्ममध्ये ५८. इलेक्ट्रॉनमेघ जितका मोठा आणि सैल, तितकी क्षणिक द्विध्रुवांमधली ओढ जास्त. फ्रिट्झ लंडन यांनी १९३० साली समजावून सांगितलेलं हे बल प्रत्येक रेणूत असतं, ध्रुवीय असो वा नसो.

चूक कुठून आली हे मागे वळून पाहिल्यावर स्पष्ट दिसतं. सारख्या वस्तुमानाचे चार रेणू निवडल्यामुळे हायड्रोजन बंधांचा परिणाम ठसठशीत दिसला, पण त्याच निवडीमुळे लंडन बल नजरेआड गेलं. त्या चौघांतही प्रत्येकी दहाच इलेक्ट्रॉन. फरक पडायला जागाच नव्हती. मुलांनी ‘ध्रुवीय म्हणजे जास्त उत्कलनांक’ असा नियम बनवला. त्यांच्यासमोर ठेवलेल्या उदाहरणांवरून तो नियम चुकीचा नव्हताच.

इथे तिसरा निर्णय घ्यावा लागला. विभागप्रमुख आता खरोखर अस्वस्थ होते. मॅडमनी एकच तास मागून घेतला आणि त्यात दोन तक्ते दिले. पहिल्यात फ्लोरिन उणे १८८, क्लोरिन उणे ३४, ब्रोमिन ५९, आयोडीन १८४. चौघेही पूर्ण अध्रुवीय. दुसऱ्यात रेणुभार जवळपास सारखे ठेवून ब्युटेन (५८) उणे ०.५, ॲसिटोन (५८) ५६, प्रोपेन-१-ऑल (६०) ९७, एथिलीन ग्लायकॉल (६२) १९७. दुसरा तक्ता मला फार आवडला. नुसतं लंडन बल, त्यावर द्विध्रुव, मग एक हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनचा) गट, मग दोन; एकेक गोष्ट वाढते आणि उत्कलनांक वर सरकतो. पहिला तक्ता रेणू मोठा झाला की काय होतं ते दाखवतो, दुसरा रेणू तेवढाच ठेवून बाकी बदललं की काय होतं ते. दोन्ही शेजारी असल्यावर क्लोरोफॉर्मचं कोडं मुलांनी स्वतः सोडवलं.

फलित

सत्राच्या परीक्षेत वाफेच्या आकृतीचा घोळ क्वचितच दिसला. दिवाळीच्या सुट्टीनंतर हायड्रोकार्बन शिकवताना मॅडमनी न सांगता पेंटेनचे तीन समघटक फळ्यावर टाकले: सरळ साखळीचा ३६ अंश, एक फांदी असलेला २८, गोळीसारखा निओपेंटेन ९.५. सूत्र तेच, इलेक्ट्रॉन तेवढेच. ‘गोल रेणूंना एकमेकांना चिकटायला जागा कमी’ हे उत्तर मागच्या बाकांवरून आलं. सगळ्यांकडून आलं असं मी म्हणणार नाही. काही मुलं सुट्टीनंतर पुन्हा ‘जड म्हणून’ वर गेली होती.

एक गोष्ट मात्र सुटली नाही. ‘उकळताना रेणू अखंड राहतो’ हे काही मुलांनी इतकं मनावर घेतलं की मीठ ८०१ अंशांना वितळतं तेव्हाही सोडियम क्लोराइडचे ‘रेणू’ अखंड राहतात असं त्यांनी लिहिलं. मिठाच्या स्फटिकात सुटा रेणू नसतोच. वितळताना आयनांमधलीच ओढ सैल करावी लागते, म्हणूनच एवढं तापमान लागतं. क्वार्ट्‌झचंही तसंच. कार्बन डायऑक्साइड वायू आणि सिलिकॉन डायऑक्साइड दगड, याचं कारण मुलांनी ‘सिलिकॉन जड’ असं दिलं. सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचं सहसंयुज बंधांचं अखंड जाळं त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हतं.

वेगळं काय करता येईल

क्रम बदलायला हवा, असं माझं ठाम मत झालं आहे. लंडन बल शेवटी एका परिच्छेदात उरकण्याऐवजी सगळ्यात आधी घ्यावं, कारण ते सगळ्या रेणूंत असतं. द्विध्रुव आणि हायड्रोजन बंध त्यावर चढणाऱ्या गोष्टी आहेत. फ्लोरिन ते आयोडीन या हॅलोजनांचा तक्ता पहिल्या दिवशी, मिथेन ते फ्लोराइडची चौकडी नंतर.

वाफेच्या आकृतीचा प्रश्न चाचणीची वाट न पाहता बंधांचं प्रकरण सुरू करतानाच विचारावा. त्याला गुण नसावेत. गुण असले की मुलं पाठ केलेलं लिहितात. मॅडमचं म्हणणं थोडं वेगळं आहे. त्यांच्या मते आकृती सुरुवातीला काढून घेतली तरी ती परत मुलांच्या हातात देऊन ‘आता काय बदलाल?’ असं विचारणं जास्त गरजेचं आहे, आणि त्यासाठी तास राखून ठेवावा लागतो.

पुढच्या वर्षासाठी आम्ही पहिल्याच आठवड्यात एक कागद द्यायचं ठरवलं आहे. त्यावर चार रिकाम्या चौकटी असतील: उकळतं पाणी, वितळतं मीठ, उडून जाणारं आयोडीन, तापलेली वाळू. प्रत्येकीखाली एकच प्रश्न: इथे काय तुटतं आणि काय टिकतं? कागद मॅडमकडे राहतील, आणि द्रव्याच्या अवस्था शिकवून झाल्यावर मुलांना परत मिळतील.